जंगल (शब्द व अर्थविकास)

जंगल : झाडाझुडपांनी व्यापलेल्या व लागवडीखाली नसलेल्या भूमीचा वाचक शब्द. मराठी, हिंदी, गुजराती इ. भारतीय भाषांत, तसेच फार्सीत तो रूढ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजीत शिरला आणि इंग्रजीमार्फत फ्रेंच, जर्मन वगैरे यूरोपीय भाषांत पोहोचला. आज इंग्रजीच्या सामान्य वाचकास या शब्दाने दाट, ओलसर, वेलींनी गुरफटलेले, हिंस्र श्वापदांनी व रोगराईने भरलेले उष्ण कटिबंधातील अरण्य सुचते. संस्कृतातील मूळ शब्दाचा अर्थ मात्र याच्या जवळजवळ उलट, म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडीचा व आरोग्यास हितकर प्रदेश, असा होता. एखाद्या शब्दाचा अर्थ कालांतराने पालटणे ही भाषाविज्ञानातील नित्याची घटना होय. ‘जंगल’ या शब्दाचे वेगळेपण असे, की त्याच्या प्रत्येक अर्थपालटाचा परिणाम त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमिनीवर आणि तिच्यावर जगणाऱ्या लोकांवर झाला आहे.

व्युत्पत्ती व प्राचीन अर्थ : संस्कृतात ‘जङ्गल’ व त्यापासून साधलेले ‘जाङ्गल’ अशी दोन्ही रूपे आढळतात. शब्दाचे मूळ निर्विवादपणे ठरलेले नाही. ‘जंगम’ (चालणारे, हलणारे) या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे. परंतु अर्थाच्या दृष्टीने त्या दोहोंत संबंध दाखविता येत नाही. अर्थ मात्र प्राचीन ग्रंथांत पुरेसा स्पष्ट आहे. महाभारतात कुरूंच्या देशाला ‘कुरुजांगल’ असे म्हटले आहे. हा प्रदेश आजच्या हरयाणाच्या कोरड्या मैदानी भागात मोडतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने निवासासाठी जांगल देश निवडावा, असे सांगितले असून तो देश धान्याने समृद्ध व निरोगी असावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. म्हणजे येथे जांगल देश हा वस्तीस व राज्यकारभारास योग्य असा देश आहे. राज्याबाहेरचे निर्मनुष्य रान नव्हे.

कौटिलीय अर्थशास्त्रात या शब्दाला पर्जन्यमानाचे परिमाण लाभले आहे. पाऊस मोजण्याच्या पात्रात वर्षाकाठी जमणाऱ्या पाण्यावरून त्यात प्रदेशांची तुलना केलेली असून जांगल देशासाठी १६ द्रोण, तर अनूप म्हणजे जलमय देशासाठी त्याच्या दीडपट पाऊस सांगितला आहे. त्याच ठिकाणी अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत २३ द्रोण आणि अपरांतात अमर्याद पाऊस पडतो, असे नमूद केले आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश व अपरांत म्हणजे कोकण, हे लक्षात घेतले, तर देश व कोकण यांतील जो भेद महाराष्ट्रातील प्रत्येकास परिचित आहे, तोच भेद जांगल व अनूप या जोडीने व्यक्त होतो, असे म्हणता येईल.

या जोडीचे सर्वांत तपशीलवार विवेचन आयुर्वेदाच्या ग्रंथांत आढळते. चरकसंहितेत देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल देश हा मोकळ्या आकाशाचा, कोरड्या व खरखरीत वाऱ्यांचा, मृगजळ दिसणारा प्रदेश असून तेथे लावा, तित्तिर, चकोर यांसारखे पक्षी असतात व माणसे काटक असतात. त्यातील वृक्षांच्या यादीत खदिर, धव, तिनिश, शल्लकी, तिंदुक, बदरी व आमलकी यांचा समावेश आहे. याउलट आनूप देश नद्यांच्या व समुद्राच्या काठचा, नारळी-केळीचा, थंड व दमट वाऱ्यांचा असतो. जांगल देशात वात व पित्त, तर आनूप देशात कफ व वात प्रबळ असतात. आरोग्यदायक प्रदेशांत मरुभूमी श्रेष्ठ आणि अहितकर प्रदेशांत अनूप अग्रगण्य, असाही निर्णय चरकाने दिला आहे. प्राण्यांच्या मांसाचे गुणधर्मही याच विभागणीवर बसविलेले असून हरणासारख्या जांगल पशूंचे मांस पचण्यास हलके, तर म्हैस, गेंडा यांसारख्या आनूप पशूंचे मांस जड मानले आहे. फ्रेंच अभ्यासक फ्रांसिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विभागणीचा सविस्तर परामर्श घेतला असून आजचे ‘जंगल’ व प्राचीन ‘जांगल’ यांतील विरोध ठळकपणे मांडला आहे.

मूळ अर्थाचे अवशेष भारतात पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले. राजस्थानातील बीकानेरच्या भोवतालच्या वाळवंटी मुलखाला ‘जांगल’ हे नाव होते आणि बीकानेरचे राजे ‘जंगलधर बादशाह’ ही पदवी आपल्या राजचिन्हावर मिरवीत असत. जिथे दाट झाडी जवळजवळ नाहीच, अशा प्रदेशाचे स्वामी स्वतःला जंगलाचे धनी म्हणवितात, हे आजच्या अर्थाने पाहता विसंगत वाटते. मूळ अर्थाने ते सुसंगतच आहे.

फार्सी व मराठीतील अर्थ : कोरड्या विरळ प्रदेशातून झाडीकडे हा अर्थ कसा सरकला असावा, याचा उलगडा शेतीच्या संदर्भात होतो. लागवडीखाली नसलेला प्रदेश, हा दोन्ही अर्थांतील समान भाग होय. कोरड्या प्रदेशात न नांगरलेली जमीन माळरान राहते. पाऊस बरा असेल तेथे तिच्यावर झुडपे व पुढे वृक्ष माजतात. त्यामुळे ‘पडीक जमीन’ आणि ‘झाडीची जमीन’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागले. फार्सीने भारतीय भाषांकडून हा शब्द घेतला, तो प्रामुख्याने वनाच्या अर्थाने. कॅस्पियन समुद्रालगतच्या गिलान प्रांतातील दाट व ओलसर अरण्यांत १९१५–२१ या काळात मिर्झा कूचिक खान याने उभारलेली बंडाची चळवळ ‘जंगली’ याच नावाने इराणच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

मराठीत या शब्दाला अनेक प्रतिस्पर्धी आहेत. वन, अरण्य हे संस्कृत शब्द ग्रांथिक भाषेत, तर रान, बन, राई, झाडी, डांग, कुरण, गायरान, माळ हे बोलीत रूढ आहेत. यांतील प्रत्येकाची छटा वेगळी आहे. राई ही जपलेली असते (आमराई, देवराई). बन बहुधा एका जातीच्या झाडांचे असते (बाभूळबन, केळीचे बन). कुरण गवताचे असते. गायरान हे गावाच्या गुरांसाठी राखलेले असते. पूर्व विदर्भाला झाडी व सह्याद्री-सातपुड्याच्या संधिप्रदेशाला डांग ही नावे तेथील वनश्रीवरूनच मिळाली. ‘रान’ हा शब्द यांत विशेष उद्‌बोधक होय. संस्कृत अरण्य, प्राकृत रण्ण यांतून तो आला. पण मराठी शेतकरी आपल्या शेतालाही रानच म्हणतो. ‘घरची माणसे रानात गेली’ याचा अर्थ ती शेतावर गेली, असा होतो. तर ‘रानडुक्कर’, ‘रानभाजी’ यांत रान हे शेताबाहेरचे असते. शेत व अरण्य यांना जोडणारा असा शब्द भाषेत असणे, हे त्या दोहोंतील सीमा कायम नव्हती, याचेच द्योतक आहे. आज नांगरलेली जमीन काही वर्षांनी सोडून द्यावी व सोडलेली पुन्हा मोडून काढावी, हा क्रम महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात शतकानुशतके चालत आला होता. ‘जंगल’ या शब्दाने पुढे ही लवचिक सीमा पक्की केली.

इंग्रजीतील प्रवेश : इंग्रजीतील या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग नेथॅन्यल ब्रॅसी हॅलहेड (१७५१–१८३०) याच्या ए कोड ऑफ जेंटू लॉज (१७७६) या ग्रंथात आढळतो. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने अकरा पंडितांकडून धर्मशास्त्रातील व्यवहारनियमांचा एक संग्रह संस्कृतात तयार करविण्यात आला. त्याचे फार्सीत व फार्सीवरून इंग्रजीत भाषांतर झाले. त्यात किती वर्षे पडून राहिलेल्या जमिनीस काय म्हणावे, हे सांगताना पाच वर्षे पडीक राहिलेली जमीन ती जंगल, अशी व्याख्या दिलेली आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत पाच वा अधिक वर्षे नांगर न लागलेल्या जमिनीस ‘बंजर’ म्हटले आहे. त्या वर्गीकरणाशी ही व्याख्या जुळते. तात्पर्य, इंग्रजीत हा शब्द प्रथम आला, तो वाघ-सर्पांच्या वर्णनातून नव्हे, तर जमीनविषयक कायद्याच्या परिभाषेतून. आणि त्याचा अर्थ तेव्हा ‘काही काळ सारा न देणारी जमीन’ याच्या जवळचा होता. झाडांचा त्यात उल्लेखही आवश्यक नव्हता.

महसुलावर उभ्या असलेल्या कंपनी सरकारच्या दृष्टीने सारा न देणारी जमीन म्हणजे शासनाच्या कक्षेबाहेरची जमीन. म्हणून शब्दाला लवकरच राजकीय रंग चढला. बंगालच्या पश्चिमेकडील, शालवृक्षांच्या कोरड्या वनांच्या व छोट्या जमीनदारांच्या मुलखाचा १८०५ मध्ये ‘जंगल महाल’ या नावाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला व उठावानंतर १८३३ मध्ये तो मोडण्यात आला. हेन्री यूल (१८२०–८९) व ए. सी. बर्नेल (१८४०–८२) यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या शब्दाचे तीन टप्पे नोंदविले आहेत : मुळात पडीक भूमी, नंतर झुडपे व उंच गवत वाढलेली भूमी आणि शेवटी अँग्लो-इंडियन व्यवहारात सरसकट अरण्य.

याच काळात आरोग्यविषयक अर्थाचीही उलटापालट झाली. एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय वैद्यकात दलदलीतून व कुजलेल्या पाचोळ्यातून निघणारी दूषित हवा तापास कारण होते, अशी समजूत होती. त्यामुळे भारतातील हिवतापास इंग्रजीत ‘जंगलज्वर’ अशा अर्थाचे नाव मिळाले. चरकाने निरोगी ठरविलेला देश अशा रीतीने रोगाचे माहेरघर ठरला. त्याने वर्णिलेले अनूप देशाचे सर्व दोष जंगलाच्या माथी आले. १८९७ मध्ये रॉनल्ड रॉस याने सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधून काढल्यावर हवेचा सिद्धांत निकालात निघाला. शब्दाला चिकटलेली भीती मात्र राहिली.

खानदेशातील उदाहरण : शब्दाचे हे सर्व अर्थ एकाच भूप्रदेशावर कसे थरांसारखे साचत गेले, हे पाहण्यास तापीच्या उत्तरेकडील खानदेशाचा भाग उपयुक्त आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या (स्थापना १ जुलै १९९८) शहादे तालुक्यातील म्हसावद हे गाव तापीच्या खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीत, सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याकडे वसले आहे. भोवती कापूस, ऊस, केळी, पपई यांची शेते असून उत्तरेस डोंगररांगा चढत जाऊन तोरणमाळच्या पठाराशी मिळतात. या डोंगरउतारांवर खैर, धावडा, तिवस, सालई, टेंभुर्णी, बोर, आवळा ही झाडे आढळतात. त्यांच्या जोडीला साग, अंजन व मोह आहेत. वनशास्त्राच्या वर्गीकरणात हे उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वन होय. चरकाच्या यादीतील खदिर म्हणजे खैर, धव म्हणजे धावडा, तिनिश म्हणजे तिवस, शल्लकी म्हणजे सालई, तिंदुक म्हणजे टेंभुर्णी. तेव्हा म्हसावदच्या उत्तरेकडील डोंगर हे इंग्रजी वाचकाच्या कल्पनेतील जंगलाशी क्वचितच जुळतील. आयुर्वेदातील जांगल देशाशी मात्र ते झाडागणिक जुळतात.

१८०२-०३ मधील लष्करी धामधूम आणि पाठोपाठ आलेला दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा प्रांत घेतला, तेव्हा अनेक गावे ओस पडलेली होती आणि पूर्वीच्या शेतांत झाडी माजली होती. नव्या अधिकाऱ्यांनी या सर्व भूमीस जंगल म्हटले. हॅलहेडच्या व्याख्येनुसार ते बरोबरच होते. कारण ती पडीक जमीन होती. परंतु शब्दाचा नवा अर्थ मनात असल्यामुळे ती अनादी अरण्यभूमी आहे आणि तिच्या आश्रयाने राहणारे भिल्ल हे अनादी काळापासूनचे अरण्यवासी आहेत, असा ग्रह होणे सोपे झाले. वस्तुतः भिल्लांचा गावगाड्याशी जुना संबंध होता. घाटवाटांची व गावांची राखण हे त्यांचे काम होते व त्याबद्दल त्यांना हक्क मिळत असत. सुमित गुहा यांनी पश्चिम भारताविषयीच्या आपल्या ग्रंथात (१९९९) वन व शेती यांच्या सीमा राजकीय स्थितीनुसार मागेपुढे सरकत असल्याचे आणि ‘वन्य’ मानलेल्या समाजांचा राज्यसंस्थांशी निकटचा संबंध असल्याचे दाखवून दिले आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याच्या नेतृत्वाखाली खानदेश भिल्ल पलटण उभारण्यात आली आणि त्याच सुमारास भिल्लांना शेतीस प्रवृत्त करण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. जंगल मोडणे व जंगलातील माणसाला ‘माणसात आणणे’ ही दोन्ही कामे शासकीय भाषेत एक झाली. मराठीत ‘जंगली’ या विशेषणाला आलेला ‘असंस्कृत, आडदांड’ हा अर्थ याच मनोवृत्तीशी मिळताजुळता आहे. [⟶ भिल्ल, सातपुडा].

वनकायदा : इंग्रजीतील ‘फॉरेस्ट’ हा शब्द येथे विचारात घेणे आवश्यक आहे. मध्ययुगीन लॅटिनमधून आलेला हा शब्द मुळात झाडांचा नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या व सामान्य कायद्याबाहेर ठेवलेल्या भूमीचा वाचक होता. इंग्लंडमध्ये अशा भूमीवरील लोकांचे चराईचे व सरपणाचे हक्क मान्य करणारी वनसनद १२१७ मध्ये निघाली. म्हणजे ‘फॉरेस्ट’ ही कायद्याने बांधलेली भूमी, तर ‘जंगल’ ही कायद्याच्या बाहेर उरलेली भूमी. भारतात १८६४ मध्ये डीट्रिख ब्रांडिस याच्या हाताखाली वनखाते स्थापन झाले आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी दुसऱ्या प्रकारच्या भूमीचे पहिल्या प्रकारात रूपांतर केले. १८७८ च्या कायद्यात राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन वर्ग करण्यात आले. राखीव वनात लोकांचे वहिवाटीचे हक्क जवळजवळ संपुष्टात आले. लोकांच्या तोंडी मात्र हे खाते ‘जंगलखाते’ आणि त्याचे कायदे ‘जंगलचे कायदे’ म्हणूनच राहिले.

१९३० च्या सविनय कायदेभंगात मीठ पिकविणे शक्य नसलेल्या भागांत जो लढा झाला, त्याचे नाव म्हणूनच ‘जंगल सत्याग्रह’ असे पडले. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव वनातील गवत कापून कायदा मोडला. पुढे सातारा भागातील बिळाशी, कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर (२५ सप्टेंबर १९३०) इ. ठिकाणी हा लढा पसरला व चिरनेर येथे गोळीबारात अनेकांचे बळी गेले. पुसदच्या सत्याग्रहाचे प्रतीक वृक्ष नव्हता. ते विळ्याने कापलेले गवत होते. गावाच्या दृष्टीने जंगल म्हणजे चारा, सरपण व काटक्या देणारी भूमी, हा जुना अर्थ त्यातून प्रकट झाला.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न मिटला नाही. शहादे परिसरात १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासींच्या जमिनींच्या हक्कांसाठी चळवळ उभी राहिली व १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गमावलेल्या शेतजमिनी व मजुरीचे दर यांच्या जोडीला वनजमिनीवरील कसणुकीचा प्रश्नही या भागात दीर्घकाळ धुमसत राहिला. ज्या जमिनीस कसणारा रान म्हणत होता, तीच दप्तरात वन असल्याने तो अतिक्रमण करणारा ठरत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची अशी वहिवाट पुराव्यानिशी मान्य करण्याची तरतूद केली आणि गावसमाजाचा सामूहिक हक्कही स्वीकारला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला.

साहित्यातील व लाक्षणिक अर्थ : इंग्रजी वाचकांच्या मनात जंगलाची प्रतिमा कायम केली, ती मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंग (१८६५–१९३६) याने. द जंगल बुक (१८९४) व द सेकंड जंगल बुक (१८९५) यांतील मोगलीच्या कथांची पार्श्वभूमी मध्य प्रदेशातील सिवनीचे डोंगर व वैनगंगेचे खोरे ही आहे. हा भागही सागाच्या पानझडी वनांचा, म्हणजे बराचसा जांगलच आहे. किपलिंगच्या कथांत जंगलाला एक कायदा आहे. तो शिस्तीचा, परस्परांच्या मर्यादा पाळण्याचा व पाणवठ्यावर वैर विसरण्याचा कायदा आहे. पुढे इंग्रजीत आणि त्याच्या अनुकरणाने मराठीत ‘जंगलचा कायदा’ याचा अर्थ ‘बळी तो कान पिळी’ असा झाला. मूळ लेखकाला अभिप्रेत असलेल्या अर्थाचाही हा विपर्यासच होय.

विसाव्या शतकात हा शब्द शहरात आला. अप्टन सिंक्लेअरच्या द जंगल (१९०६) या कादंबरीत एकही वनस्थली नाही. शिकागोच्या मांस कारखान्यांतील स्थलांतरित कामगारांचे हाल तिच्यात चित्रित केले आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा संमत होण्यास या कादंबरीने चेतविलेले लोकमत कारणीभूत झाले. अमेरिकेत भटक्या बेकार मजुरांच्या रेल्वेमार्गालगतच्या तळालाही जंगल म्हणत. मुलांच्या खेळासाठी सळ्यांचा सांगाडा १९२० च्या सुमारास शिकागोजवळ तयार झाला, त्याच्या नावातही हा शब्द आला. मराठीत ‘सिमेंटचे जंगल’ हा शब्दप्रयोग आता इतका सरावाचा झाला आहे, की त्यातील रूपक जाणवतही नाही. अलीकडच्या काळात फ्रान्समधील कॅले बंदराजवळ इंग्लंडला जाऊ इच्छिणाऱ्या निर्वासितांनी उभारलेली वसाहत ‘जंगल’ याच नावाने जगभर ओळखली गेली. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये हटविण्यात आली. तेथील अफगाण निर्वासितांच्या भाषेत हा शब्द ‘वन’ या साध्या अर्थाने होता. इंग्रजी व फ्रेंच वृत्तपत्रांत तो बेबंदशाहीच्या अर्थाने वाचला गेला. एकाच उच्चारामागे दोन अर्थ एकाच ठिकाणी उभे राहिल्याचे हे उदाहरण आहे.

दाट व ओलसर अरण्याच्या अर्थाने मात्र इंग्रजीतही हा शब्द मागे पडत आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आ. फ. व्हि. शिम्पर याने १८९८ मध्ये अशा अरण्यासाठी ‘वर्षावन’ या अर्थाची संज्ञा योजिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यावरणसंरक्षणाच्या चळवळीबरोबर ती लोकप्रिय झाली. ज्याची भीती बाळगायची ते जंगल आणि ज्याचे रक्षण करायचे ते वर्षावन, अशी वाटणी त्यामुळे झाली. शब्दाच्या मूळ अर्थाला, म्हणजे कोरड्या विरळ वनाला व माळाला, यातून काहीच लाभले नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या गणनेत किमान एक हेक्टर क्षेत्र व १० टक्के वृक्षछत्र असलेली भूमी वनाच्छादनात धरली जाते. त्याहून विरळ असलेली झुडपी भूमी बाहेर राहते आणि बहुधा पडीक जमिनीत मोजली जाते. माळढोक, काळवीट, लांडगा यांचा अधिवास असलेली महाराष्ट्रातील माळराने अशा प्रकारे दप्तरी ‘ओसाड’ ठरतात. प्राचीनांनी ज्यास खरे जांगल म्हटले, ते आजच्या गणनेत जंगल नाही.

शब्दकोशातील अर्थ व न्यायनिर्णय : शब्दार्थाचा प्रश्न केवळ पंडितांचा नाही, हे अलीकडील न्यायनिर्णयांवरून स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशात, १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातील ‘वन’ हा शब्द त्याच्या शब्दकोशातील अर्थाने घ्यावा आणि मालकी कोणाचीही असली, तरी सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली भूमीही या कायद्याखाली यावी, असे ठरविले. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती मर्यादित केली. तथापि राज्यांनी वनांची नोंद पूर्ण करीपर्यंत १९९६ चाच अर्थ चालू ठेवावा, असा अंतरिम आदेश न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला.

महाराष्ट्रापुरते सर्वांत बोधक प्रकरण म्हणजे ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात हा जमिनीचा एक वर्ग होता. हलक्या प्रतीची, झुडपे असलेली, बहुधा चराईस सोडलेली अशी ही जमीन असून, ‘जंगल’ हा शब्द तिला लागला तो पडीक या जुन्या महसुली अर्थाने. कालांतराने तिच्यावर घरे, शाळा, कार्यालये, शेते उभी राहिली. १९८० व १९९६ नंतर मात्र तोच शब्द वनाचा वाचक म्हणून वाचला जाऊ लागला आणि सु. ८६,००० हेक्टर जमिनीचे भवितव्य अनिश्चित झाले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच होय, असा निर्णय दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यांनी वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्रातून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी, असा अपवाद केला. तलाठ्याच्या दप्तरातील एका शब्दाचे दोन अर्थ, आणि त्या दोहोंमध्ये हजारो कुटुंबांची घरे, असे या प्रकरणाचे स्वरूप होते.

‘जंगल’ या शब्दाच्या इतिहासात कोरडे व निरोगी, पडीक, दाट व रोगट, कायद्याबाहेरचे, राखीव आणि रक्षणीय असे अर्थ एकापाठोपाठ आले. पण आधीचा अर्थ पूर्णपणे नाहीसा कधीच झाला नाही. म्हणून एखाद्या जुन्या सनदेत, गॅझेटियरमध्ये किंवा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर हा शब्द आढळला, तर तो कोणत्या काळी, कोणत्या भाषेतून आणि कोणाच्या लेखणीतून उतरला, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावणे योग्य नव्हे. म्हसावदसारख्या पायथ्याच्या गावी शेत, माळ व राखीव वन ही थोड्या अंतरात एकापाठोपाठ एक येतात. तेथील शेतकऱ्याचा ‘रान’ हा शब्द त्या सर्वांना सामावून घेतो. दप्तरातील ‘जंगल’ हा शब्द त्यांच्यात रेषा ओढतो. ती रेषा कोठे पडावी, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.